चिठ्ठीत निघालेले गाव

(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या विषयापुढे ‘आफ्रिकेतील गावांचे प्रयोग’ असे छापले आहे. ते वाचून सकाळपासून तिघा-चौघांनी विचारले, कापसाच्या भावाचे बोलायचे सोडून तुम्ही हे कुठे निघालात? प्रश्न रास्त आहे. भावावर बोलणारे आमच्यानंतर आहेत आणि ते आमच्यापेक्षा चांगले बोलतील. आम्ही आज बोलणार आहोत ते हिवतापाबद्दल, मच्छरदाणीबद्दल, आणि चिठ्ठ्या टाकून गावे निवडण्याबद्दल. यातला कापूस कुठे येतो ते पुढे कळेल. तो येतो, आणि चांगलाच येतो.

ही गावे आहेत पश्चिम आफ्रिकेत. सेनेगल, गांबिया, माली, बुर्किना फासो, बेनिन, घानाचा उत्तर भाग, नायजेरियाचा उत्तर भाग. सहारा वाळवंटाच्या खालचा हा पट्टा. पाऊस जूनपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत, पुढे सात-आठ महिने थेंब नाही. विहिरी थोड्या, कालवे त्याहून थोडे. पिके कोणती? ज्वारी, बाजरी, भुईमूग, चवळी आणि कापूस. ज्वारी तर मूळची आफ्रिकेचीच, हजारो वर्षांपूर्वी ती तिकडून आपल्याकडे आली. आणि कापसाचे म्हणाल तर २००३ साली जागतिक व्यापार संघटनेत ‘अमेरिका आपल्या शेतकऱ्यांना अनुदान देऊन आमचा भाव पाडते’ अशी तक्रार घेऊन जे चार देश उभे राहिले, ते बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली. तेव्हा ही माणसे आपल्याला परकी नाहीत. त्यांचे दुखणे कोरडवाहूचेच दुखणे आहे.

त्या पट्ट्यात पाऊस आला की डास येतो आणि डासाबरोबर हिवताप. निंदणीच्या दिवसांत तो चढतो आणि काढणी होईपर्यंत उतरत नाही. म्हणजे घरातल्या बाईला शेतातून हलता येत नाही नेमक्या त्याच दिवसांत पोर तापाने फणफणते. मोठ्या माणसाला वर्षानुवर्षे ताप येऊन येऊन थोडी ताकद आलेली असते. मरते ते पाच वर्षांच्या आतले मूल.

यावर पहिला मोठा प्रयोग झाला तो उत्तर नायजेरियात, कानोच्या बाजूला, गारकी नावाच्या भागात. १९६९ ते १९७६. जागतिक आरोग्य संघटना आणि तिथले सरकार मिळून. घराघरांत भिंतींवर प्रोपॉक्सर फवारले, काही गावांत त्याच्या जोडीला सगळ्या माणसांना गोळ्या दिल्या. हिवताप खाली आला, पण तुटला नाही. तिथल्या डासांपैकी पुष्कळसे चावून झाल्यावर घराबाहेर जाऊन बसत, भिंतीवरच्या औषधाला शिवतच नसत. फवारणी थांबली आणि आजार परत आला. सात वर्षांच्या खर्चाचे हे फळ. पण त्यांनी अपयश लपवले नाही, आकड्यांसकट छापले. आमच्या मते ही त्या प्रयोगाची सगळ्यात मोठी कमाई. आपल्याकडे फसलेल्या बियाण्याचा अहवाल कुणी छापलेला तुम्ही पाहिला आहे काय?

त्यानंतर विचार बदलला. हिवताप गावातून हाकलता येत नसेल तर निदान रात्री झोपलेले मूल तरी वाचवता येईल का? गांबियात पुष्कळ घरांत मच्छरदाणी आधीपासूनच वापरात होती. ती परमेथ्रिनच्या पाण्यात बुडवून वाळवली तर डास तिच्यावर बसून मरेल. १९८८-८९ मध्ये फाराफेनीच्या परिसरात गावोगावी असे बुडवणे झाले. टोपल्यात औषधाचे पाणी, त्यात जाळी, मग ती सुकवायची. १९९१ साली निकाल छापून आला: १ ते ४ वर्षांच्या मुलांचे मृत्यू ६३ टक्क्यांनी कमी.

भावांनो, ६३ टक्के! कोणी ऐकले तरी टाळ्या वाजवील. पण आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे, आम्हाला असा आकडा ऐकला की खाज सुटते. ज्या गावांत औषध दिले ती गावे आधीपासून आरोग्यसेवक असलेली, मोठी गावे होती. ज्यांच्याशी तुलना केली ती लहान वस्त्यांची. हे म्हणजे कंपनीचा प्रात्यक्षिक प्लॉट विहिरीजवळच्या काळ्या जमिनीत घ्यायचा आणि बरड माळावरच्या पिकाशी तुलना करायची, तसे होऊ शकते. वाण चांगला की जमीन चांगली, हे कोण सांगणार? ज्यांनी तो प्रयोग केला त्यांनाही हे ठाऊक होते. म्हणून ठरले की एका जागच्या निकालावर जायचे नाही. वेगवेगळ्या देशांत, मोठ्या संख्येने, आणि चिठ्ठ्या टाकून पुन्हा करायचे.

चिठ्ठीची ही रीत डॉक्टरांची नव्हे, आपली आहे. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रावर फिशर नावाच्या गणितज्ञाने १९२० नंतरच्या वर्षांत ती शेताच्या वाफ्यांसाठी बसवली. कोणत्या वाफ्यात कोणते खत हे माणसाने ठरवायचे नाही, चिठ्ठीने ठरवायचे. माणूस नकळत चांगला वाफा आपल्या लाडक्या खताला देतो, चिठ्ठीला लाडके कोणी नसते. शेतातून ही रीत पुढे दवाखान्यात गेली.

आता घानाच्या उत्तर टोकाला या. नावरोंगो नावाचे गाव, कासेना-नांकाना जिल्हा. ज्वारी-बाजरीचा मुलूख. मातीच्या भिंतींचे मोठे वाडे, एकेका वाड्यात भावकीची अनेक बिऱ्हाडे, आणि वाडे एकमेकांपासून फटकून, मध्ये शेते. या जिल्ह्यात आधी १९८९ ते १९९१ मध्ये अ जीवनसत्त्वाचा प्रयोग झाला होता. सहा महिने ते साडेसात वर्षांच्या मुलांना दर चार महिन्यांनी एक मात्रा, निम्म्या गटांना खरी आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशी. ज्यांना खरी मिळाली त्यांच्यात मृत्यू १९ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा मोजणीची सवय लोकांना झाली होती.

मच्छरदाणीचा प्रयोग १९९३ च्या जुलैपासून १९९५ च्या जूनपर्यंत चालला. सुरुवात कशी केली ते ऐकण्यासारखे आहे. आधी गावच्या मुख्याकडे जायचे, मग वडीलधाऱ्यांकडे, आणि मग सगळ्या गावाची सभा. या सभेला तिकडे ‘दरबार’ म्हणतात! इंग्रजांनी आपल्याकडचा शब्द उचलून तिकडे नेला आणि तो तिथलाच झाला. ढोल वाजतात, माणसे जमतात, प्रश्न विचारतात. डॉ. फ्रेड बिंका यांच्यासारखे घानाचेच डॉक्टर काम चालवत होते, घरोघर फिरणारी माणसेही त्याच भागातली. दर तीन महिन्यांनी प्रत्येक वाड्यात जायचे: कोण जन्मले, कोण वारले, कोण गाव सोडून गेले. मूल वारले असेल तर आईजवळ बसून शेवटच्या आजाराची हकीकत विचारायची. ही मोजणी कुणाच्या बक्षिसासाठी नव्हती आणि कुणाच्या बदलीच्या भीतीने कमीही होत नव्हती.

जिल्ह्याचे ९६ गट पाडले. चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्या गटांना औषध लावलेल्या जाळ्या आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा बुडवणे, निम्म्यांना दोन वर्षे काही नाही. निकाल: सहा महिने ते चार वर्षांच्या मुलांचे मृत्यू १७ टक्क्यांनी कमी. म्हणजे जाळी नसलेल्या गटांत जिथे १०० मुले गेली, तिथे जाळी असलेल्या तेवढ्याच गटांत ८३. बुर्किना फासोच्या उब्रितेंगा प्रांतात १९९४ पासून १५८ गावांत जाळीऐवजी दारा-खिडक्यांना औषध लावलेले पडदे दिले, तिथे मृत्यू १५ टक्क्यांनी कमी झाले. गांबियातही पुढे मोठ्या प्रमाणावर केले तेव्हा ६३ चे २५ झाले.

कुणी म्हणेल, ६३ वरून १७ म्हणजे प्रयोग पडला. आम्ही म्हणतो, इथेच तो उभा राहिला. हा सतरा टक्क्यांचा आकडा कुणी पुसू शकत नाही. आफ्रिकेतले असे सगळे प्रयोग एकत्र मांडून हिशेब केला गेला, तेव्हा दर हजार मुलांमागे वर्षाला साडेपाच जीव वाचतात असे निघाले. त्या साडेपाचाच्या जोरावर पुढे कोट्यवधी जाळ्या आफ्रिकेत वाटल्या गेल्या.

मागच्या एका बैठकीत आम्ही ही हकीकत सांगत होतो, तेव्हा मागून एक म्हातारे काका उठले. म्हणाले, “भाऊ, ज्याची चिठ्ठी निघाली नाही त्याच्या लेकराचं काय?” सभा गप्प झाली. आम्हीही झालो.

काकांच्या प्रश्नाला पळवाट नाही. तुलनेच्या त्या गटांत दोन वर्षांत मुले मेली, त्यांतली काही जाळी मिळाली असती तर जगली असती. हे आज आपण जाणतो. पण १९९३ मध्ये कुणालाच खात्री नव्हती. उलट शंका अशी होती की, जाळीत झोपलेल्या मुलाच्या अंगात हिवतापाशी लढण्याची ताकद येणारच नाही आणि ते पुढे सहाव्या-सातव्या वर्षी मरेल. मग आपण काही वाचवले नाही, मरण नुसते पुढे ढकलले. ही शंका फेडायला नावरोंगोची मुले २००० सालच्या अखेरपर्यंत पाहात राहावी लागली. मरण पुढे ढकलले गेल्याचे दिसले नाही. बुर्किनात ज्यांना १९९४ मध्ये पडदे मिळाले नव्हते त्यांना १९९६ मध्ये दिले.

आमचे मत असे: खरोखरच माहीत नसेल, गावाला सभेत सगळे सांगितले असेल, आणि उरलेल्याला नंतर हमखास मिळणार असेल, तर चिठ्ठी न्याय्य आहे. एकदा माहीत झाल्यावर ती न्याय्य राहात नाही. आणि तिकडे ती राहूही दिली नाही. नंतरच्या प्रयोगांत बिनजाळीचा गट नसतो. सगळ्यांना जाळी, आणि चिठ्ठी फक्त जुनी की नवी याची.

आता चिठ्ठी गटांची का, घराघराची का नाही? कारण डास बांध ओळखत नाही. शेजारच्या वाड्यात औषधाच्या जाळ्यांवर डास मेले तर इकडच्या वाड्यातही ते कमी येणार. नावरोंगोत हे मोजून निघाले: बिनजाळीच्या घरातले मूल जाळीच्या वाड्यापासून जितके दूर, तितका त्याला धोका जास्त, दर १०० मीटरला ६.७ टक्क्यांनी. म्हणजे मच्छरदाणी टांगणारा आपल्याच लेकराला राखत नव्हता, शेजाऱ्याच्याही राखत होता, आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता.

गांबियाची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या चळवळीला जरा टोचणारी आहे. पहिल्या वर्षी जाळी बुडवण्याचे औषध फुकट दिले, तेव्हा बहुतेक गावे पुढे आली. दुसऱ्या वर्षी थोडे पैसे लावले आणि बुडवलेल्या जाळ्यांचे प्रमाण एकदम कोसळले. आपण फुकट वाटपाच्या विरोधात बोलणारी माणसे. ‘भीक नको, घामाचे दाम हवे’ ही आपली घोषणा. मग काय, लोकांना फुकटाची सवय लागली म्हणायचे? आम्ही तसे म्हणणार नाही. जाळी बुडवायची ती पावसाच्या तोंडाशी. गांबियाचा शेतकरी भुईमूग विकतो हिवाळ्यात. जून-जुलैत त्याच्या घरात दाणे संपत आलेले आणि हातात पैसा नाही. आपल्या घरी जूनमध्ये बियाण्याची पिशवी आणताना काय होते ते तुम्हाला सांगायला नको. ज्याने ते पैसे लावले त्याने पंचांग पाहिले नाही. भुईमूग विकताना तेवढेच पैसे मागितले असते तर काय झाले असते, हा प्रयोग करून पाहण्यासारखा होता.

आता कापूस.

जाळीला लावायचे परमेथ्रिन कोणत्या कुळातले? सिंथेटिक पायरेथ्रॉइड. आणि आपण पऱ्हाटीवर मारले ते सायपरमेथ्रिन, फेनव्हलरेट, डेकामेथ्रिन? त्याच कुळातले. पश्चिम आफ्रिकेतही कापसावर हीच औषधे वर्षानुवर्षे मारली गेली. पावसाळ्यात शेताच्या कडेला, बैलाच्या खुरांच्या खड्ड्यांत, पायवाटेवर पाणी साचते. हिवतापाचा डास तिथेच अंडी घालतो. फवारणीचे पाणी वाहून त्या डबक्यांत जाते. अळ्या मरतात, ज्या सोसतात त्या उरतात, आणि पुढच्या पिढीत सोसणाऱ्याच जास्त होतात. बोंडअळीच्या बाबतीत हे आपल्याला तोंडपाठ आहे. बुर्किना फासोत शास्त्रज्ञांनी गावोगावचे डास पकडून तपासले तेव्हा कापसाच्या पट्ट्यातले डास औषधाला जास्त दाद देईनासे झालेले आढळले. हे २००२ साली छापून आले. सगळा दोष कापसाचा नव्हे. त्याआधी घराघरांत मारलेल्या डीडीटीचा, शहरांतल्या वापराचा आणि पुढे जाळ्यांवरच्या औषधाचाही त्यात हात आहे. पण शेताचा वाटा नाकारता येत नाही.

तिथल्या बोंडअळीनेही तेच केले. १९९६ च्या सुमारास पश्चिम आफ्रिकेत हिरवी बोंडअळी पायरेथ्रॉइडला जुमानेनाशी झाली. आपल्याकडे आंध्रात १९८७ सालीच ते दिसले होते. आम्ही शिकून बाहेर पडलो तेव्हाही शेतकऱ्याला ‘मात्रा वाढवा, दोन औषधे मिसळा’ असे सांगणारे आमच्यातच होते. आम्हीही बांधावर उभे राहून एक-दोन हंगाम तसेच सांगितले. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्या वेळी कुणी आम्हाला म्हटले असते की, या फवाऱ्याचा संबंध लेकराच्या मच्छरदाणीशी आहे, तर आम्ही हसलो असतो.

जाळी निकामी होऊ लागल्यावर नवे औषध शोधावे लागले. बेनिनमध्ये २०२० पासून ६० गटांत चिठ्ठ्या टाकून तुलना झाली. सगळ्यांना जाळी, पण काहींना नुसत्या पायरेथ्रॉइडची आणि काहींना त्यात क्लोरफेनापायर मिसळलेली. दोन वर्षांत नव्या जाळीखालच्या मुलांना हिवताप ४६ टक्क्यांनी कमी आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये या जाळीची शिफारस केली. छान झाले. पण क्लोरफेनापायर हे नाव कृषी केंद्रात कुणी ऐकले आहे का? आपल्याकडे कोबी-मिरचीवर ते मारतात. तेच औषध हिवतापाच्या मुलखात उद्या शेतांवर सरसकट सुरू झाले तर ही जाळी किती वर्षे टिकेल? आमच्या पोटात ही भीती आहे. शेतीखाते औषधाला परवाना देते, आरोग्यखाते जाळी वाटते, आणि दोघांची गाठ फक्त डासाच्या अंगात पडते.

जाळीपुढेही गाडी गेली आहे. पावसाच्या महिन्यांत दर महिन्याला लहान मुलांना गोळ्या देण्याचा प्रयोग सेनेगलच्या न्याखार भागात २००४ साली झाला. बाजरी-भुईमुगाचा तो मुलूख. त्या हंगामात मुलांना आलेला हिवताप ८६ टक्क्यांनी कमी झाला. २०१२ पासून या पट्ट्यासाठी ती शिफारस झाली. त्यानंतर लस. बुर्किनातले हुंडे आणि मालीतले बुगुनी, ही दोन्ही कापूस पिकवणारी ठिकाणे. तिथे २०१७ ते २०२० मध्ये ५९२० मुलांवर पाहिले की, पावसाच्या तोंडाशी दरवर्षी लस आणि पावसात गोळ्या असे दोन्ही मिळून किती फरक पडतो. नुसत्या गोळ्यांच्या मानाने दोन्ही मिळालेल्या मुलांत हिवताप जवळजवळ ६३ टक्क्यांनी आणखी कमी. सर्व मुलांना जाळी दिलेली होती. आणि ज्यांना हिवतापाची लस नाही त्यांना रिकामी सुई टोचली नाही, पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाची लस दिली. काकांच्या प्रश्नाला कुणीतरी तिकडेही उत्तर शोधत होते.

दुसरी लस, आर-२१ नावाची, बुर्किनातल्याच नानोरो भागात ४५० मुलांवर प्रथम पाहिली गेली. एका वर्षात तिने ७७ टक्के संरक्षण दिले. पुढे पाच ठिकाणी मोठी चाचणी झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस झाली. ही लस बनते कुठे? पुण्याला, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. ज्वारीवाल्यांच्या गावात तपासलेली लस आपल्या राज्यातून आफ्रिकेला जाते. आमच्या माहितीतल्या कित्येक शिकलेल्या माणसांना हे ठाऊक नाही.

असे गाव धरून प्रयोग आपल्याकडे झालेच नाहीत असे नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावागावांत न्यूमोनियावर आणि नवजात बाळांवर असेच गावांची तुलना करून काम केले आणि ते जगाने घेतले. पण शेतीत? आपल्या बरड जमिनीत, आपल्या पावसात, चिठ्ठ्या टाकून गावे निवडून कोणते वाण, कोणते औषध तपासले? २०१७ साली यवतमाळात फवारता फवारता माणसे मेली, तेव्हाही आपण विद्यापीठाच्या कुंपणातल्या प्लॉटचे आकडे वाचत होतो.

म्हणून एक प्रस्ताव दुपारच्या बैठकीत ठेवणार आहोत. गुलाबी बोंडअळीचा पतंगही बांध ओळखत नाही. एकट्याने कामगंध सापळे लावून आणि पऱ्हाट्या वेळेत उपटून भागत नाही, अख्ख्या गावाने केले तर काय होते ते मोजायचे आहे. बारा गावे हवीत. चिठ्ठ्या या मंडपात, सगळ्यांसमोर निघतील. सहा गावांत यंदा सापळे आणि हंगाम संपताच पऱ्हाट्या उपटणे, सहा गावांत नेहमीसारखी शेती. दर पंधरवड्याला बोंडे फोडून अळ्या मोजायच्या, मोजणारी पोरे एकमेकांच्या गावची. पुढच्या वर्षी उरलेल्या सहा गावांचे सापळे पहिल्या सहा गावांनी वर्गणी काढून द्यायचे. आकडे चांगले येवोत की वाईट, याच पत्रकात छापू.

नाव देण्याआधी गावात सभा घ्या, आणि आपले गाव सापळ्याविना निघाले तर काय, हे तिथेच विचारून या. एकट्या सरपंचाच्या सहीवर आम्ही नाव घेणार नाही. वही डावीकडच्या टेबलावर आहे.